उजेड धरणाऱ्या काकांना

प्रिय काका,

परवा कॉलेजात माझी तीन मिनिटांची फिल्म दाखवली. दिवे लागल्यावर सगळे आजीबद्दल, तिच्या बोटांबद्दल बोलत होते. मला मात्र सारखे तुमचे पाय आठवत होते. शूटिंगच्या दिवशी घसा दाटून आला आणि आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी मी पणजीत दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला पैसे भरून गेले होते. कॅमेरा एकच, आणि तो मुलांच्याच हातात फिरला. आम्हा तिघी मुलींना क्लॅप धरायला आणि वहीत शॉटचे नंबर लिहायला बसवलं. मी शटरबद्दल विचारलं तर म्हणाले, 'ते टेक्निकल आहे, तुम्ही गोष्ट सुचवा.' २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, गळ्यात कार्ड अडकवून आम्ही जगभरचे सिनेमे बघतो. आणि त्याच गावात एका मुलीच्या हातात दहा मिनिटं कॅमेरा द्यायला कुणाचा हात धजत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्या संध्याकाळी डिचोलीच्या बसमध्ये बसले तेव्हा हा नाद सोडायचा, असंच ठरवलं होतं.

तुमच्या स्टुडिओत मी आले होते ती पासपोर्ट फोटोसाठी. बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. तुम्ही लग्नसराईच्या ऐन धांदलीत होता, तरी कॅमेरा माझ्यापुढे ठेवून म्हणालात, 'पट्टा गळ्यात घाल. मग भिऊ नको.'

शटरचं उत्तर तुम्ही एका ट्यूबलाइटखाली दिलंत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवायचं. ते भलतंच ठेवलं की पडद्यावर पट्टे धावू लागतात. तुम्ही चाक फिरवलंत, पट्टे दिसले. पुन्हा फिरवलंत, गेले. एवढंच तर होतं ते 'टेक्निकल'!

आणि मग तो एप्रिलमधला दिवस. आजी वसरीवर बसून अबोलीची फाती, म्हणजे फुलांची वेणी, विणत होती. तिच्या चेहऱ्यावर अंधार होता, म्हणून तुम्ही थर्मोकोलचा पत्रा घेऊन अंगणातल्या खडीवर उन्हात उभे राहिलात आणि उजेड तिच्यावर परतवलात. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. हेडफोनमध्ये केळीच्या सोपाचा दोरा ओढल्याचा बारीकसा आवाज येत होता, आणि त्यावर तुमच्या चपलांखाली खडीची करकर. मी काही बोलायच्या आत माझा चेहरा बघून तुम्ही हळूच दोन्ही चपला काढल्यात. दुपारी बाराची खडी, काका. शॉट संपेपर्यंत हलला नाहीत. मी घाईने कॅमेरा खाली घ्यायला लागले तर हातानेच थांबवलंत, आणि नंतर म्हणालात, 'राव गो बाय. काम संपलं तरी मनात दहा मोज, मग बंद कर. एडिटला लागतं.' तळवे लाल झाले होते. आजीने पाण्याची कळशी आणली तेव्हा तुम्ही आधी मला विचारलंत, 'आवाज साफ आला?'

माझा तो कॉलेजचा साधा अभ्यास होता. त्याचे ना पैसे मिळणार होते, ना कुठे नाव छापून येणार होतं. तरी तुम्ही त्याला सिनेमा मानलंत. दुसऱ्याच्या कामाची अशी किंमत करणारी माणसं अजून बाजारपेठेतल्या छोट्या दुकानांत बसलेली आहेत, ती सभागृहांच्या मंचावर दिसत नाहीत. मला तरी माणुसकी भेटली ती तिथेच.

फुलं घ्यायला आलेली शेजारीण आणि आजी समोरासमोर बोलताहेत, तो प्रसंग मी दोघींना जोडणारी मनातली रेषा ओलांडून, दोन्ही बाजूंनी घेतला होता. एडिटला बसल्यावर दोघी एकाच दिशेला बघताना दिसल्या. तुम्ही रागावला नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन आजीचाच दोरा दोघींच्या मधून जमिनीवर अंथरलात आणि म्हणालात, 'याच्या पलीकडे जायचं नाही.' आता कुठेही कॅमेरा लावला की मला तो दोरा दिसतो.

सत्तावीस मिनिटांचं चित्रीकरण तीन मिनिटांवर आणताना माझा जीव तुटत होता. माझा आवडता शॉट तुम्ही मलाच कापायला लावलात. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों भोंगा आधी ऐकवायचा आणि त्याची सायकल नंतर दाखवायची, हे मात्र माझं मला सुचलं. तेव्हा तुम्ही खुर्ची मागे सरकवून मोठ्याने हसला होता. त्या हसण्याने मला जेवढं बळ आलं, तेवढं कुठल्या प्रमाणपत्राने आलं नसतं.

कुठे लिहिलंस तर माझं नाव घालू नको, असं बजावलं होतंत. ते इथे पाळलंय. पण फिल्मच्या शेवटी 'उजेड' या शब्दापुढे तुमचं नाव आहे, आणि ते मी काढणार नाही.

तुमची,
आजीची नात