छावणीबाहेर गेलेल्यांविषयी

प्रिय मनोहर यास,

सप्रेम सलाम.

उत्तराला फार उशीर झाला. माझी प्रकृती ठीक आहे. काळजी आहे ती हिची. हिला फुफ्फुसाचा क्षय झाल्याचे थुंकीच्या तपासणीत निघाले. औषधे लगेच सुरू झाली, आणि पहिले काही आठवडे हिने वेगळ्या खोलीत झोपावे, खिडकी उघडी ठेवावी, तोंड झाकावे, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवसांत बायबलमधले लेवीय, म्हणजे यज्ञांच्या आणि शुद्ध-अशुद्धाच्या नियमांचे पुस्तक, मी पुन्हा वाचायला घेतले, आणि त्याविषयी लिहावे असा तुझ्यावाचून मला दुसरा कोणी नाही.

बायबल वर्गात या पुस्तकावरून आपण किती भांडलो! यज्ञ गेले, मंदिर गेले, मग हे नियम कशाला वाचायचे, असे तू म्हणायचास. लाकडाचे भांडे धुवावे आणि मातीचे फोडावे, हा नियम कुंभारांनीच घालून घेतला असावा, या तुझ्या बोलण्यावर पाळकबाबांनाही हसू आवरले नव्हते. ती आठवण निघाली की ही अजून हसते. परवा मात्र हिच्या थोरल्या बहिणीने हिचे ताट वेगळे काढून त्याच्या काठाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. क्षय खोकल्यातून, हवेवाटे पसरतो, ताटातून नव्हे, हे डॉक्टरांनी समजावूनही तो ठिपका तसाच आहे.

हे नियम लोकांना देणाऱ्या मोशेला जंतू ठाऊक होते, असे मंडळीतले काही उत्साही बंधू सांगतात; ते मला पटत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने जगापुढे मांडला तो 1882 साली. शिवाय बाळंतिणीला मुलगा झाल्यास 40 दिवस आणि मुलगी झाल्यास 80, हा हिशेब जंतूंच्या कुठल्याच शास्त्रात बसत नाही. तरीही वाहत्या पाण्याने अंग धुणे, मृताच्या घरातले झाकण नसलेले भांडे अशुद्ध धरणे, इस्राएली लोकांच्या छावणीबाहेर खड्डा खणून विष्ठा मातीने झाकणे, हे आजारपणाच्या घरात वाचताना परके वाटत नाही.

पण मला धरून ठेवले ते दुसऱ्याच गोष्टीने. लेवीयच्या तेराव्या अध्यायात अंगावर संशयास्पद चट्टा उठलेल्याला सात दिवस कोंडतात, सातव्या दिवशी याजक, म्हणजे पुरोहित, तपासतो, खात्री नसेल तर आणखी सात दिवस, मग पुन्हा तपासणी. वेगळे ठेवण्याला तिथे मुदत आहे, आणि तपासण्याचे काम एका ठरलेल्या माणसाच्या गळ्यात बांधलेले आहे. ज्याचा चट्टा जात नाही त्याने वरचा ओठ झाकून ‘अशुद्ध, अशुद्ध’ असे ओरडत एकटे राहावे, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण आपण तिथेच थांबतो आणि चौदावा अध्याय वाचत नाही. तिथे बऱ्या झालेल्याला पाहायला याजक स्वतः छावणीबाहेर जातो. आठव्या दिवशी तो त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला आपल्या हाताने तेल लावतो. ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला शिवण्याची आज्ञाच आहे रे ही! गरिबाला तीन कोकरांऐवजी एक कोकरू आणि पारव्यांची जोडी चालते, म्हणजे पैशांवाचून कोणी बाहेर अडकू नये, याचीही सोय केलेली आहे. आणि मोशेची बहीण मिर्याम अशाच चट्ट्यामुळे सात दिवस बाहेर होती तेव्हा ती परत येईपर्यंत साऱ्या लोकांनी कूच केले नाही.

आमच्याकडे बाहेर ठेवण्याचा अर्धा नियम सर्वांना पाठ आहे. आता थुंकीत जंतू दिसत नाहीत, सहा महिन्यांची औषधे पुरी करायची आहेत, भेटीगाठींना डॉक्टरांची हरकत नाही. तरी मंडळीतली माणसे फाटकाबाहेर उभी राहून प्रार्थना करतात आणि तिथूनच परततात. त्यांच्या प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. पण खिडकीतून हात हलवून पलंगावर परतणारी ही मला बघवत नाही.

नातीच्या बाप्तिस्म्याचे फोटो पाहिले, डोळे अगदी वहिनींचे. तुझ्या पेन्शनचे काम मार्गी लागले का, ते कळव.

नाताळापूर्वी वहिनींना घेऊन ये. फाटकात थांबू नकोस, सरळ आत येऊन हिचा हात हातात घे. तपासणीचे कागद पाहायचे असतील तर तेही काढून ठेवतो.

तुझा,
जॉन