साहेबांच्या खुर्चीमागची भिंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थासाठी घाट, पाणी, स्वच्छतागृहे यांवर सरकारी पैसा खर्च होतो, मग कार्यालयात देवाची तसबीर लावली तर काय बिघडले, असे नाशिकमध्ये नेहमी ऐकू येते. या दोन गोष्टींची सांगड घालू नये. लाखो माणसे गोदाकाठी येणार असतील तर त्यांच्या पाण्याची आणि गर्दीची सोय पाहणे प्रशासनाचे कामच आहे. तहसील कार्यालयात साहेबांच्या खुर्चीमागे टांगलेल्या तसबिरीने कुणाचीच सोय होत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी समोर उभा असलेला माणूस मात्र ती पाहतो आणि इथे आपले काम होईल का, याचा अंदाज बांधू लागतो. तो मुस्लिमबहुल मालेगावचा असो की नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, शरणपूरचा, ही धास्ती त्याला वाटताच कामा नये.

'तसबीर वर्गणीतून आणली आहे' हे उत्तर हमखास मिळते, आणि बहुधा ते खरेही असते. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर द्यायला लावू नये, असे घटनेचा अनुच्छेद 27 सांगतो; वर्गणी काढली की ती हरकत उरत नाही. पण भिंत सरकारचीच राहते. अमेरिकेत केंटकी राज्याने शाळांच्या वर्गांत बायबलमधील दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला होता. त्या प्रतीही देणग्यांतून घेतल्या जात. 1980 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि पैसा खासगी असल्याने फरक पडत नाही, असे सांगितले. आपली घटना राज्य आणि धर्म यांना इतके तोडत नाही. पंढरपूरच्या मंदिरांचा कारभार 1973 च्या राज्याच्या कायद्याने चालतो. तरीही धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या बोम्मई निकालाने पक्के झाले आहे. अनुच्छेद 25 चे धर्मस्वातंत्र्य कारकुनाला आहे, साहेबांनाही आहे, कार्यालयाला नाही. म्हणून टेबलाच्या काचेखालच्या किंवा पाकिटातल्या फोटोला कुणी हात लावू नये.

अडते ते नोंदीपाशी. कार्यालयातली खुर्ची, कपाट, पंखा जडवस्तू नोंदवहीत असतात, तसबीर नसते. लावणाऱ्याची बदली होते, ती तिथेच राहते. पुढचा अधिकारी ती काढायला धजत नाही आणि रंगारी तिच्याभोवतीनेच ब्रश फिरवतो. खाली निरांजन, शेजारी कागदांचे गठ्ठे, वर लोंबती वायर, हे दृश्य तर फार धोक्याचे आहे.

जिन्याच्या कोपऱ्यातल्या देवांच्या टाइल्सबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटते. थुंकू नये म्हणून गणपती, साईबाबा, क्रूस आणि मक्केचे चित्र ओळीने चिकटवतात. काही दिवस कोपरा स्वच्छ राहतो, मग पिचकारी वीतभर वर किंवा शेजारी पडू लागते. टाइलचा कोपरा उडाला, कुणी नकळत थुंकले, की भावना दुखावल्याची तक्रार होते आणि साध्या अस्वच्छतेचे प्रकरण पोलिसांत जाते. श्रद्धेला असे पिकदाणीच्या राखणीला बसवणे कोणत्याही धर्माचा अपमान आहे.

यावर साधा इलाज आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 116 नुसार सरकारी इमारतीत थुंकणे हा गुन्हा आहे. मात्र कार्यालयप्रमुखाने तशी सूचना इमारतीत लावलेली असली पाहिजे. ती नसेल तर हे कलम लावता येत नाही. प्रत्येक मजल्यावर सूचना लावावी, जिन्यात चांगला दिवा आणि भिंतीला चार फुटांपर्यंत साध्या, धुता येतील अशा टाइल्स बसवाव्यात, कोपरे रोज धुवावेत.

तसबिरी काढायच्या तर रंगकामाच्या वेळी, सर्व धर्मांच्या एकाच दिवशी काढाव्यात. आधी खोलीनिहाय यादी करावी, लावणाऱ्याला पोच घेऊन सन्मानाने परत द्याव्यात. तो सापडत नसेल तर कर्मचारी संघटनेकडे सोपवाव्यात. एकच तसबीर निवडून काढली की वाद पेटतो. शेवटी, जयंतीच्या शासकीय यादीतल्या महापुरुषांच्या ज्या प्रतिमा भिंतीवर राहतील, त्यांची जडवस्तू नोंदवहीत नोंद करून घ्यावी.

आपला,
एक वाचक, नाशिक