कांद्याच्या निर्यातबंदीवर नाशिकच्या मुलांनी लिहावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकरोडला राहते, वकिली करते. एलएलएमची, म्हणजे कायद्यात पदव्युत्तर शिकणारी मुलं संशोधनाचे पेपर दाखवायला माझ्याकडे येतात, त्यांच्यासाठीच हे लिहितेय. या मुलांच्या व्हॉट्सअपवर सारखे मेसेज असतात, फी भरा, आठवड्यात पेपर छापतो, सर्टिफिकेट पण देतो. आणि मुलं पैसे भरतात हो, कारण प्राध्यापकीच्या इंटरव्ह्यूला पब्लिकेशन विचारतात. आधी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर लिस्ट, म्हणजे चांगल्या संशोधन पत्रिकांची, जर्नल्सची यादी तरी होती बघायला, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, आता कुठलं जर्नल चांगलं हे कॉलेजनं आणि लिहिणाऱ्यानंच ठरवायचं. मग कॉलेजनं हे शिकवायला नको का?

चांगलं जर्नल घाई करत नाही. लेखकाचं नाव काढून पेपर तज्ज्ञांकडे जातो, ते शेरे देतात, परत लिहायला लावतात, त्यात महिनेच्या महिने जातात, आणि तोवर तोच पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवायचा नसतो, हे तर कितीतरी मुलांना कुणी सांगितलेलंच नाही. दिल्लीहून इंडियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ १९६० पासून निघतंय, त्याचे जुने अंक तरी वाचायला द्या त्यांना.

आता विषयाचं. बहुतेक मुलं युक्रेन नाहीतर साउथ चायना सी घेतात. त्यावर जगभर लिहिलं जातंय, पण आपल्या कांद्यावर कोण लिहिणार? ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, लासलगावला लिलाव बंद पडले, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के निर्यात ड्युटी होतीच. आपण याला राजकारण म्हणून सोडून देतो, पण यात आंतरराष्ट्रीय कायदा ठासून भरलाय. गॅट, म्हणजे देशादेशांतल्या व्यापाराचा मूळ करार, त्याचं कलम ११ निर्यातबंदीला मनाई करतं, पण अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती चालते. डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) शेती कराराचं कलम १२ म्हणतं की अशी बंदी आणण्याआधी डब्ल्यूटीओला कळवा आणि आयात करणाऱ्या देशांचा विचार करा. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण देश त्याच मालाचा निव्वळ निर्यातदार असेल, म्हणजे आयातीपेक्षा निर्यात जास्त करत असेल, तर सूट नाही. आणि भारत तर कांदा बाहेर पाठवणाराच देश! मग टंचाई खरंच गंभीर होती का, ती मोजायची कशी, यावर अख्खा पेपर होतो आणि तो निफाड-येवल्याच्या मुलाइतका पोटतिडकीनं दुसरं कोण लिहिणार? तसंच २०१० ला युरोपात फवारणीच्या औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं अडकली होती, त्यावरही लिहिता येईल.

असं लिहून काय होतं असं मुलं विचारतात. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीत, म्हणजे त्याच्या मूळ नियमांत, कलम ३८ आहे, त्यात नामवंत अभ्यासकांचं लिखाण कायदा ठरवायचं दुय्यम साधन मानलंय. आपल्या बाजूचं लिखाणच नसेल तर न्यायाधीश वाचणार काय?

अशा पेपरला आकडे लागतात, आणि आवक-भावाचे रोजचे आकडे बाजार समित्यांकडे असतात. मुलं कॉलेजचं पत्र घेऊन मागायला आली तर त्यांना हेलपाटे न घालायला लावता ते द्यावेत, ही विनंती तुमच्या वर्तमानपत्रातून समित्यांपर्यंत पोचवा.

आपली,
एक वकील वाचक, नाशिकरोड