सातबाऱ्यावर तुझ्या आईचं नाव

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालास, "आबा, या वयात ही उठाठेव कशाला? शेवटी सगळं एकच ना?" तेव्हा सोसायटीत होतो, चार माणसं कान टवकारून होती. म्हणून लिहितो.

परवा आपल्या गटाच्या सातबाऱ्यावर तुझ्या आईचं नाव लागलं. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचंही नाव लावायचं, ती लक्ष्मीमुक्ती. तिचा सरकारी निर्णय १९९२ सालचा. त्याआधी १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या बायकांचं मोठं अधिवेशन झालं होतं, आणि पुढं शरद जोशींनी बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगावी सांगितलं. आपल्याकडं लोक हसायचे. जमीन माहेरच्यांच्या घशात जाईल म्हणायचे. तुझा चुलता अजून तेच म्हणतो, त्याचं सोड.

तू ट्रॅक्टरची पेरणी बघितलीस. बैलांच्या पाभरीची तुला आठवणार नाही. मी बैल हाकायचो आणि तुझी आई चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरून मागं चालायची. मुठीतून बी सारखं सुटलं पाहिजे, नाहीतर पुढं तासात खांडण्या पडतात, मधे मधे रोपच उगवत नाही. मी दोनदा धरून बघितली आणि आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, मला परत बैलांमागं लावलं. आजही ट्रॅक्टर पुढं गेला की तुझी आई खाली बसते, बोटानं माती उकरते आणि बी ओलीला टेकलंय का बघते. वर पडलं असेल तर ड्रायव्हरला जागेवर थांबवते. आपली मंगळवेढ्याची ज्वारी कोरडवाहू. सप्टेंबर-ऑक्टोबरात जी ओल धरली तीवरच ही मालदांडी ज्वारी फेब्रुवारीपर्यंत उभी राहायची. बी वर पडलं की साल गेलं. २०१६ ला या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तालुक्यात सत्कार झाले. फेटे सगळे पुरुषांच्या डोक्यावर.

काढणीला मी ताटं उपटायची, तिनं कणसं मोडायची, कडब्याच्या पेंढ्या दोघांनी बांधायच्या. भांडण रोज. तिच्या मते माझी पेंढी ढिली असते. असते.

आता खरं कारण. वरच्या आळीतली तुझी काकू आठवते? नवरा गेल्यावर वारसनोंद होईपर्यंत तिला ना पीककर्ज मिळालं ना नुकसानभरपाई. ज्या रानात जन्म काढला तिथं ती शेतकरी आहे याचा एकही कागद तिच्याकडं नव्हता. मी तुझ्या आईपेक्षा सात वर्षांनी मोठा, त्यात साखर. हिशेब तूच कर.

काम फार अवघड नव्हतं. अर्ज दिला, तलाठ्यानं फेरफार धरला, नोटिशीची मुदत संपली, मंडल अधिकाऱ्यानं मंजूर केला. तुझी आई उतारा घेऊन चष्म्यातून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "वडिलांचं नाव नाही घातलं ते बरं केलं. नवऱ्याचं तरी कशाला घातलंय?"

तुझा हिस्सा कुठं जात नाही, तुझ्या बहिणीचाही नाही.

बोअरसाठी तू पैसे पाठवणार होतास, ते आता तिला विचारून पाठव. मी पाडायचं म्हणतो, ती नाही म्हणते. शेजारच्या रानात तीन कोरड्या गेल्या, त्यापेक्षा बांधाला पाणी अडवायला मातीच्या ताली घाला म्हणते. आणि आता कर्जाच्या कागदावर तिचीही सही लागेल, त्यामुळं माझं एकट्याचं चालणार नाही.

तुझा,
आबा