पुढे चाल कुणाला, कुठे?

महोदय,

ठाणे-ऐरोली-वाशी पट्ट्यात कॉलेजांच्या फुटबॉल आणि कबड्डीच्या बाद स्पर्धांचे लॉट्स (कोण कुणाशी खेळणार त्या जोड्या) पाडताना एक चूक हमखास होते. २२ संघ आले की ११ सामने लावायचे. मग ११ चे ६, ६ चे ३, आणि तिथे चिठ्ठी काढून एक संघ उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत!

हिशेब सोपा आहे. २२ च्या पुढचा दोनाचा घात ३२. ३२ वजा २२ म्हणजे १० संघांना पुढे चाल (बाय, म्हणजे न खेळता थेट पुढच्या फेरीत), आणि ती सगळी पहिल्याच फेरीत. उरलेले १२ संघ ६ सामने खेळतात, दुसऱ्या फेरीत बरोबर १६ उरतात. एकूण सामने दोन्ही पद्धतींत २१ च, त्यामुळे मैदानाच्या भाड्याची सबब चालत नाही. तक्त्याचे ११-११ चे दोन भाग करा. पहिली पुढे चाल खालच्या भागात शेवटी (जागा क्र. २२), दुसरी वरच्या भागात सुरुवातीला (जागा क्र. १), तिसरी १२ वर, चौथी ११ वर. अव्वल मानांकित (आधीच सर्वांत बलवान ठरवलेला संघ) १ वर आणि दुसरा २२ वर बसवला की ते अंतिम फेरीआधी भिडत नाहीत. बिगरमानांकितांच्या चिठ्ठ्या त्यानंतर.

मानांकन कशावरून, हा खरा वादाचा मुद्दा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने (तो लांबट चेंडूचा, आपला नव्हे) २०२४ मध्ये बाद फेरी ४ वरून १२ संघांची केली आणि पहिली चार मानांकने, पुढे चालीसकट, विभागीय विजेत्यांसाठी राखली. निवड समितीच्या क्रमवारीत बाराव्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन मिळाले, नवव्या बॉइझी स्टेटला तिसरे. चारही संघ आपला पहिलाच सामना हरले; त्यात क्रमवारीतले पहिले दोन, ओरेगन आणि जॉर्जियाही होते, म्हणजे दोष एकट्या मानांकनाचा नव्हे. तरी पुढच्याच वर्षी नियम बदलून पुढे चाल थेट क्रमवारीतल्या पहिल्या चौघांना दिली.

आपल्याकडे गतविजेता म्हणून डोळे झाकून अव्वल मानांकन देतात. पण शेवटच्या वर्षाची मुले पास होऊन गेली की संघाचे नुसते नाव उरते. चालू हंगामाचे निकाल बघा, आणि निकष लॉट्सच्या आधी संघ व्यवस्थापकांना लेखी द्या.

पहिली फेरी सकाळी आणि दुसरी त्याच दुपारी लावू नका. पुढे चाल मिळालेला संघ ताजा आणि समोरचा दमलेला, अशी जोडी पडते. पहिल्या दिवशी ते सहाच सामने ठेवा.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, ऐरोली