अठरावा क्रमांक कशाने ठरला?

महोदय,

पॅरिस पॅरालिम्पिक संपल्यापासून आमच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर एकच मजकूर फिरतो आहे : ‘ऑलिम्पिकमध्ये ७१वे, पॅरालिम्पिकमध्ये १८वे. धडधाकटांनी काही शिकावे!’ मथळ्यांचा सूरही फार वेगळा नव्हता. २९ पदकांचा आनंद मलाही आहे; सारा जन्म शाळेच्या मैदानावर गेला, आनंद होणारच. पण पदकतक्त्यातला भारताचा हा १८वा क्रमांक कशाने ठरला, ते उलगडून पाहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

आपली पदके ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य. त्यांतले भालाफेकीच्या एफ४१ (कमी उंचीच्या खेळाडूंच्या) गटातले नवदीप सिंगचे पदक आधी रौप्य होते. पहिला आलेला इराणचा खेळाडू नियमबाह्य वर्तनामुळे बाद झाला आणि रौप्याचे सुवर्ण झाले. तसे झाले नसते तर कोलंबिया, बेल्जियम, थायलंड आणि दक्षिण कोरिया आपल्या पुढे सरकले असते आणि आपण २२वे राहिलो असतो. आता उलटे पाहा. आमच्या सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीचा गोळा पडला १६.३२ मीटरवर, सुवर्ण घेणाऱ्या कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचा १६.३८ वर. सहा सेंटिमीटर! तेवढे भरून निघते तर आपण १५वे झालो असतो. खेळाडू तेच, त्यांची मेहनत तीच, आणि क्रमांक १५ ते २२ मध्ये कुठेही.

आधी सुवर्ण मोजायचे, मग बाकीचे, ही रीतही गमतीचीच. ५६ पदकांचे नेदरलँड्स चौथे, ८९ पदकांचे ब्राझील त्याच्या मागे पाचवे. स्वित्झर्लंडच्या ८ सुवर्णांपैकी ५ एकट्या कॅथरीन डेब्रुनरने व्हीलचेअर शर्यतींत मिळवली. आपली ७ सुवर्णे सात वेगवेगळ्या खेळाडूंची आहेत. मला त्याचे मोल जास्त वाटते, पण तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

ऑलिम्पिकशी तुलना तर करूच नये. तिथे ३२९ सुवर्णपदके होती, इथे ५४९, कारण अपंगत्वाच्या प्रकारानुसार गट पाडावे लागतात. गट जास्त म्हणून पदक स्वस्त, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. कृत्रिम पायावर धावत येऊन ७०.५९ मीटर भाला फेकणाऱ्या सुमित अंतिलला स्वस्त म्हणण्याची माझी तरी छाती नाही.

मला खरे बोलायचे आहे ते पोहण्याबद्दल. २९ पैकी १७ पदके ॲथलेटिक्सची, ५ बॅडमिंटनची, ४ नेमबाजीची, २ तिरंदाजीची आणि एक ज्युदोचे. पॅरिसमध्ये पोहण्याची १४१ सुवर्णपदके होती. आपल्या ८४ जणांच्या चमूत पोहणारा एकच होता, सोलापूर जिल्ह्याचा सुयश जाधव. आणि भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण कशात आले होते? १९७२ साली हायडेलबर्गला, ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये. ते आणणारे मुरलीकांत पेटकर आमच्याच जिल्ह्याचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले जवान. तेव्हापासून पॅरिसपर्यंतच्या बावन्न वर्षांत त्या पाण्यात दुसरे सुवर्ण नाही.

का नाही, याचा थोडा अंदाज मला आहे. निवृत्त झाल्यावर एका मुलाला घेऊन मी एका तरण तलावावर गेलो होतो. अपघातात त्याचा पाय गुडघ्याखाली गेलेला, पण नदीत मस्त पोहायचा. प्रवेशद्वाराला सात पायऱ्या, रॅम्प नाही. त्या तो कुबड्यांवर चढला. पुढे कपडे बदलायच्या खोलीत ओल्या गुळगुळीत फरश्या आणि धरायला एक दांडी नाही. तिथल्या गृहस्थांनी नम्रपणेच विचारले, “सर, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?” लेखी देतो म्हटले, तरी नाहीच. परत येताना मुलगा म्हणाला, “जाऊ द्या सर, नदी आहे की.” नदीत वेळ कशी लावणार, वळण कसे शिकवणार?

तेव्हा एक विनंती. आपल्या वार्ताहरांना जिल्ह्यातल्या तरण तलावांवर एकदा पाठवा. किती ठिकाणी रॅम्प आहे, किती ठिकाणी पाण्यात उतरायला आधार आहे, आणि किती ठिकाणी अशा मुलाला शिकवायला प्रशिक्षक तयार आहे, एवढेच मोजून आणायला सांगा. देशांच्या क्रमवारीसारखाच तोही तक्ता छापा. कात्रण मी नक्की काढून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली