आई, तू बघ. बाबा, तुम्ही फक्त हात चालवा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर माझा आवाज चढला, त्याबद्दल आधी माफी. पण बाबा, तुम्ही स्वतः जोडलेल्या नव्या कॉम्प्युटरवर काही दिसत नाही म्हणून 'मेलाय तो' याच्यापुढे तुम्ही सरकतच नव्हता. मागून आई किमान चार वेळा म्हणाली, "अहो, पंखा फिरतोय की." आपण दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. रात्री आडवी झाल्यावर ते आठवलं आणि उठून बसले. पंखा फिरतोय म्हणजे वीज आत पोचतेय, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, निदान सुरू होतोय, कॅबिनेटच्या बटणाच्या त्या दोन बारीक वायरीही बरोबर पिनांवर आहेत. मी तासभर जे जे विचारत होते, त्यातलं निम्मं आईने एका वाक्यात निकालात काढलं होतं.

म्हणून हे पत्र. आई, तू मोठ्याने वाच आणि टॉर्च धर. बाबा, तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि मधे बोलू नका.

आधी मागचा स्विच शून्याच्या बाजूला करा, प्लग काढा आणि पुढचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात, सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डात, उरलीसुरली वीज निघून जाईल. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. रेडिओ उघडायचात तसा हा नाही, बाबा. आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तसाच राहू शकतो.

आता माझा पहिला संशय. बोर्डाला वीज दोन ठिकाणी द्यावी लागते. 24 पिनांची रुंद केबल तुम्ही लावली आहेच, नाहीतर पंखा हललाच नसता. दुसरी 8 पिनांची, फक्त प्रोसेसरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूसाठी. तिची जागा बहुतेक बोर्डांवर वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या) आड असते, त्यामुळे ती हमखास राहून जाते. ती नसली की दिवे लागतात, पंखे फिरतात आणि डिस्प्ले काही येत नाही. अगदी तुमच्यासारखंच. फक्त ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या कार्डाची, केबलही 8 पिनांचीच असते. ती 6 आणि 2 अशी सुटते, प्रोसेसरची 4 आणि 4 अशी. दोन्हींतल्या तारांची मांडणी वेगळी आहे. जोर लावावा लागला तर समजा की चुकीची हातात आहे.

आणि बाबा, खरं सांगा, ती वायरींची पिशवी काढली होतीत का? जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची एखादी केबल नव्याला लावली असेल तर आत्ताच काढून टाका. एसएमपीएसच्या बाजूला त्या केबलींचा काही ठरलेला नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. टोक मजेत बसतं, आणि 5 व्होल्टच्या जागी 12 गेले की डिस्क जळते. खोक्यात आलेल्या केबली तेवढ्याच वापरा.

मग रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या. दोन पट्ट्या असतील आणि स्लॉट चार असतील, तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसरा आणि चौथा. सध्या एकच पट्टी दुसऱ्यात ठेवा, दुसरी टेबलावर. तुम्ही काचेचं भांडं ठेवावं तशी ती ठेवली असणार, मला माहीत आहे. नीट दाबा, 'कट' असा आवाज येईपर्यंत. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, तेव्हा दुसरी बाजू बसली की नाही हे आईने डोळा लावून बघावं.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, वरती बोर्डाच्या मागे जी तशीच जागा दिसते तिथे नाही. हे मी अधिकाराने सांगते, कारण माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला मी दोन संध्याकाळी बोर्ड खराब आहे म्हणून शिव्या घातल्या होत्या. बोर्डाला काहीही झालं नव्हतं.

आता प्लग लावा, सुरू करा आणि थांबा. तुमची रॅम डीडीआर-5 आहे. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड ती रॅम ओळखून तिच्याशी जुळवून घेतो, आणि त्याला काही मिनिटंही लागतात. तोवर पडदा काळा राहतो, मधेच सगळं बंद होऊन आपोआप पुन्हा चालू होऊ शकतं. बाबा, तुम्ही काल किती वेळ थांबला होता? अर्ध्या मिनिटाच्या वर नाही, हे मी पैजेवर सांगते. मधे बंद केलंत की सगळं पहिल्यापासून. घड्याळ लावून पंधरा मिनिटं द्या आणि तेवढा वेळ बटणापासून लांब बसा.

तरीही काळंच, तर काम आईचं. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतील: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (डिस्कवरून सुरू होणं). कुठला लागून राहिलाय? डीरॅमचा असेल तर दुसरी पट्टी लावून बघा. व्हीजीएचा असेल तर ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवा आणि त्याची स्वतःची वीज जोडली आहे ना ते बघा. बूटचा लागला तर उलट बरंच आहे: नव्या डिस्कवर अजून काहीच टाकलेलं नाही, एवढंच तो सांगतोय. सीपीयूचा लागला आणि ती 8 पिनांची केबल नीट असली, तर तिथेच थांबा. कूलर उचलायचा नाही. खालच्या सॉकेटमधल्या पिना केसासारख्या असतात, एक वाकली तरी बोर्ड जातो. ते मी येऊन बघेन. बोर्ड ज्यांवर टेकतो त्यांपैकी एखादा जास्तीचा पितळी खांब बोर्डाखाली राहिलाय का, तेही तेव्हाच.

आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, आधी प्लग काढून. तुम्हीच मला शिकवलंय, तरी काल एकदम तीन केबली उपटल्यात. आई, वहीत मांडत जा: काय बदललं, काय दिसलं.

संध्याकाळी फोन तूच कर. 'चालू झालं नाही' एवढंच नको. कुठल्या नावाजवळचा दिवा, कोणत्या रंगाचा, किती वेळ, ते सांग. बाबांना विचारू नकोस. ते 'मेलाय' म्हणतील.

तुमची,
धाकटी